गाडीचा पहिला प्रश्न

पुणे, ११ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रीच्या गाडीआधी मला आत्याबाईंची फाइल लावायची होती. साखरेचा रिपोर्ट, रक्तदाबाचा रिपोर्ट, डोळ्याचं माप, आधारकार्डाच्या दोन प्रती. सगळ्यात वर दवाखान्याची चिठ्ठी. तिच्यावर सप्टेंबरची तारीख खोडलेली, तिच्याखाली ऑक्टोबरची तारीखही खोडलेली, आणि त्याखाली पेनानं दोनदा गिरवलेलं: १३ नोव्हेंबर, सकाळी नऊ.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. वय सत्त्याहत्तर, मुक्काम चिखली, जिल्हा बुलडाणा. राहतात एकट्या. मुलगा सुरतेला नोकरी करतो आणि रजा मिळत नाही म्हणतो. उजवा डोळा तरुणपणी कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागून गेला. उरला डावा. त्यातला मोतीबिंदू इतका पिकला आहे की दाब वाढून तोही कायमचा जाईल, असं चिखलीतल्या डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर बाहेरगावाहून बुलडाण्याला येतात, महिन्यातून एकाच गुरुवारी. हा गुरुवार चुकला तर पुढचा महिनाभरानं, आणि तेवढा वेळ डोळ्याकडे नव्हता.

आधीचे दोन गुरुवार का चुकले? सप्टेंबरात आत्याबाई दारातून निघाल्या आणि शेजारणीनं विचारलं, "कुठं चालल्या?" त्या परत आत जाऊन बसल्या. ऑक्टोबरात एसटीत बसल्या, आणि कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं?" कंडक्टरनं दुसरं काय विचारावं? आत्याबाई पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि चालत घरी आल्या.

निघणाऱ्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, काम होत नाही, हे मलाही लहानपणी सांगितलं होतं. मी ते विसरले. त्यांनी धरून ठेवलं.

नवऱ्याचा गुडघा दुखतो, म्हणून मी निघाले. मी भोसरीतल्या एका कारखान्यात माल बाहेर पाठवायच्या खात्यात आहे. ठरलेला माल ठरलेल्या वेळी फाटकाबाहेर काढणं, एवढंच मी गेली बावीस वर्षं करते. या अडचणीवरचा उपाय माझ्या फोनमध्येच होता. पुण्यात मी मंडईपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे ॲपवरून गाडी बोलावते. जायचं ठिकाण आधीच भरायचं. गाडी दारात येते, चालक ॲपवरचा ओटीपीचा आकडा विचारतो, आपण सांगतो, गाडी सुटते. ‘कुठे’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघायचं कारणच नाही. शेगाव, चिखली, बुलडाणा, तिन्हीकडे ॲप चालतं असं नकाशा दाखवत होता. मी निश्चिंत झाले.

शेगाव, १२ नोव्हेंबर

सकाळी स्टेशनाबाहेर आले आणि चिखलीसाठी गाडी मागवली. लगेच मिळाली. ‘दोन मिनिटांत पोहोचेल.’

वीस मिनिटं ती दोन मिनिटांवरच होती. नकाशावरची छोटी गाडी मंदिराजवळ एकाच जागी तोंड फिरवत उभी. आजूबाजूला भाविकांच्या रिक्षा भरत होत्या आणि सुटत होत्या. प्रत्येक रिक्षावाला मला बोलावत होता, आणि मी प्रत्येकाला फोन दाखवून मान हलवत होते. शेवटी कचोरी घेतली. कचोरी गरम, मिरची तळलेली, आणि गाडी अजून दोन मिनिटांवर. मी फोन लावला.

"ताई, आलोच. तिथून हलू नका बरं!" पलीकडून मोठा आवाज आला. "एका म्हातारबुवाची चप्पल हरपली, ते पाहून राह्यलो."

"तुमच्या गाडीतले आहेत का ते?"

"नाही जी. पण चप्पल त हरपली न."

चप्पल सापडल्यावर गाडी आली. चालक चाळिशीचा, केस मध्ये विरळ झालेले. ॲपवर नाव मुकुंद होतं. "मुकिंदा म्हणा," तो म्हणाला. "मुकुंद म्हटलं की मले वाटते बँकेतून फोन आला." राहायला चिखलीतच. पहाटे यात्रेकरू सोडायला आला होता आणि परतीचं गिऱ्हाईक शोधत होता.

पुण्यातला चालक आकडा घेतो आणि गप्प होतो. मुकिंदानं आकडा घेतला आणि सुरू झाला. चिखलीत कोणाकडे? कोणत्या गल्लीत? कापसाच्या जिनिंगच्या मागे का? "मंग त्या बारक्या आजी. पांढरं लुगडं. आमच्या स्टँडवरून रोज दुधाले जातेत. तुम्ही भाचसून काय त्यांच्या?" खामगाव यायच्या आत त्याला माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचीसुद्धा माहिती होती.

खामगावनंतर रस्ता हळूहळू वर चढतो. दोन्हीकडे कापूस फुटला होता. बाया कमरेला कापडाचे ओटे बांधून वेचत होत्या. तुरीला पिवळी फुलं होती, सोयाबीन निघून गेलेल्या काळ्या रानात हरभरा नुकता वर आला होता. मोकळा, लांबवर दिसणारा मुलूख. मी तो अर्धाच पाहिला, कारण मी गुरुवार सकाळचा वेळ मोजत होते. सव्वासातला गाडी मागवायची, साडेसातला निघायचं, वाटेत काही झालं तरी साडेआठपर्यंत बुलडाणा.

"माह्या नंबर लिहून घ्या," उतरताना मुकिंदा म्हणाला. "चिखलीत ॲप चालते, पण आमच्या हिशेबानं चालते."

"ॲपवर सगळं असतं," मी म्हटलं आणि बॅग उचलली. हिशेब कोणता, हे विचारायला हवं होतं.

चिखली, त्याच दिवशी

आत्याबाईंनी मला आवाजावरून ओळखलं. चेहऱ्याजवळ येऊन हातानं माझा खांदा चाचपला. "वाळली वो तू," म्हणाल्या. मी मागच्या वेळेपेक्षा सहा किलोनं वाढले आहे.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत. नोव्हेंबरातलं वांगं, वर हिरव्या मिरच्या तळून. आमच्याकडे भरितात दही घालतात असं सांगितलं, तर म्हणाल्या, "काऊन? वांगं खराब होतं काय तुमच्या इकडे?" भाकरी त्यांनी स्वतः थापली होती. तवा डोळ्याला दिसत नाही म्हणून तळवा वर धरून धग बघतात. ते बघून मी पुन्हा एकदा फाइल तपासली.

दुपारी मी गल्लीत फिरून आले. शेजारच्या कमलबाईंना सांगितलं, समोरच्या शिंपीकाकांना सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात सांगितलं: उद्या सकाळी आत्याबाई निघतील, कोणी काही विचारू नका. "आम्ही त तोंडच दाखवत नाही," कमलबाई म्हणाल्या. त्या सप्टेंबरपासून अपराध्यासारख्या वागत होत्या.

आत्याबाईंना मी स्पष्टच विचारलं, "यायचं आहे ना तुम्हाला?"

"यायचंच हाय. मी काय नाही म्हणते? पण सरळ निघालं पाह्यजे."

चिखली, १३ नोव्हेंबर, गुरुवार

सव्वासातला गाडी मागवली. पांढरी गाडी, चालक शंकर, चार मिनिटं. आणि खरंच चार मिनिटांत आली. गल्लीतली सगळी दारं लोटलेली होती. शिंपीकाकांनी मशीनसुद्धा थांबवलं. आत्याबाई बाहेर आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी. मी मागचं दार उघडलं. त्यांनी एक पाय आत ठेवला.

शंकर मागे वळला. हसतमुख, आदबीनं. "या आजी, या! सकाळीच कुठं जाऊन राह्यल्या?"

त्याच्यासमोरच्या फोनवर मोठ्या अक्षरात बुलडाणा लिहिलेलं होतं. त्याला माहिती हवी नव्हती. म्हातारं माणूस गाडीत बसतंय तर दोन शब्द बोलायला नकोत का? पुण्यात चालक बोलत नाही म्हणून माझी तक्रार असते. इथे बोलला.

आत्याबाईंनी पाय बाहेर काढला.  आत जाऊन खाटेवर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

मी पाणी दिलं, साखर दिली. रीत मलाही ठाऊक आहे: आत यावं, बसावं, पाणी प्यावं, पुन्हा निघावं. त्या म्हणाल्या, "ते बाजाराले जाताना. डोळ्याच्या कामाले नाही." बाहेर शंकर थांबला, दोनदा हॉर्न वाजवला, मग फोन केला, "ताई, मी चहा पिऊन येतो, आजीले निवांत येऊ द्या," आणि भाडं रद्द करून गेला.

निवांत! पावणेआठ वाजले होते. मी पुन्हा गाडी मागवली. नाकारली. पुन्हा. नाकारली. पडद्यावर चक्र फिरतंय, गावात चार गाड्या दिसताहेत, चारही एकाच ठिकाणी, माझ्यापासून चालत पाच मिनिटांवर, आणि एकही येत नाही. पुण्यात गाडी नाकारली तर दुसरी येते, दुसरी नाकारली तर तिसरी. इथे तीच तीन नावं फिरून फिरून मला नाही म्हणत होती. मी चप्पल घातली आणि चालत निघाले.

स्टँड म्हणजे एक कडुनिंब. खाली चार गाड्या, दारं उघडी. दोघं जण एकच पेपर पानं वाटून घेऊन वाचत होते. एका गाडीच्या बॉनेटवर तीन फोन ओळीनं ठेवलेले, आणि तिन्ही एकदम वाजत होते.

"हे जे वाजतंय ते माझं आहे," मी म्हटलं.

"हाव ताई. दिसून राह्यलं," एक जण पेपरातून वर न बघता म्हणाला.

"मग घेत का नाही?"

"नंबर शंकरचा हाय न. त्याचा फेरा झालाच नाही. तो असताना आम्ही कसे घेऊ?"

"ॲपनं तुम्हाला विचारलंय."

"ॲप कालचं हाय, ताई. नंबर आमच्या बापाच्या काळचा हाय."

शंकर टपरीवर चहा पीत होता. मुकिंदा मागे बादली घेऊन गाडी धूत होता. मला बघून फडकं खांद्यावर टाकून पुढे आला. मी जे झालं ते सांगितलं. डॉक्टर, गुरुवार, एकच डोळा, नऊ वाजता. चार वाक्यांत सांगितलं, कारण पाचव्याला वेळ नव्हता.

पेपर खाली आले.

"काऊन बे शंकऱ्या," मुकिंदा ओरडला, "म्हाताऱ्या माणसाले कुठं म्हून विचारतेत काय? तुह्या आजीनं काही शिकवलं नाही?"

"निघालं बे तोंडातून," शंकरनं कपातला चहा ओतूनच दिला. "मी त आपलं मायेनं विचारलं."

"मायेनं डोळा घालवतो काय तिचा?"

शंकरनं रिकामा कप टपरीवर ठेवला. मग मला म्हणाला, "ताई, मी पुन्हा आलो त त्या बसणार नाहीत. मुकिंदाले न्या. नंबर दिला मी." आणि बाकीच्या दोघांकडे वळून, "दिला बरं, तुमच्यासमोर." ते दोघं मान हलवून म्हणाले, दिला. या विधीला अर्धं मिनिट लागलं. मग मुकिंदा गाडीत बसला.

वाटेत मी त्याला बजावत होते, हे बोलू नका, ते बोलू नका. "ताई, तुम्ही जरा दम घ्या," तो म्हणाला. "माल नाही न्यायचा, आजी न्यायची हाय."

तो गाडी बंद करून सरळ पायरीवर जाऊन बसला. आत न बघताच बोलला.

"आजी, पाणी देता काय?"

आत्याबाईंनी आवाज ओळखला. तांब्या घेऊन आल्या.

"मी बुलडाण्याले चाललो," पाणी पिऊन तो म्हणाला. "पण गाडी रिकामी हाय. सकाळची पहिली फेरी रिकामी गेली त अख्खा दिवस रिकामा जाते. तुमाले त ठाऊकच हाय. कोणी बसलं असतं त बरं झालं असतं."

आत्याबाई उभ्या राहिल्या. त्यांना काही दिसत नाही, पण समजायचं ते सगळं समजतं.

"तुही बोहनी मी करू?"

"मंग कोण करीन? गल्लीत त सगळी दारं लावून बसलेत."

"लबाड हायेस रे तू, मुकिंदा."

"हाव न."

त्या गाडीत बसल्या. काम त्याचं अडलं होतं, त्यांचं नव्हे. म्हणून निघता आलं. आठ वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं आणि पुढे बसले.

गाव मागे पडल्यावर आत्याबाई आपणहून बोलल्या. मी विचारलं नव्हतं.

"वंदना, तुले वाटत असंल म्हातारी येडी हाय."

"नाही," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

"हे खोकल्याचं दाखवाले अकोल्याले निघाले होते. पायरी उतरले न् मीच विचारलं, अजी, कुठं चालले? मले ठाऊक होतं कुठं चालले ते. डबा मीच बांधून दिला होता. उगाच विचारलं, काही बोलाचं म्हून. ते हसले न् गेले, ते जिवंत परत आले नाहीत." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "लोकं विचारतेत त मले त्यांचा राग नाही येत. मले माह्याच आवाज ऐकू येते."

मुकिंदानं रेडिओ बंद केला.  अशा वेळी काय बोलावं हे मला येत नाही. मी मागे हात करून त्यांची पिशवी माझ्याकडे घेतली, कारण ती त्यांच्या मांडीवरून घसरत होती.

नवाला सात मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. अकरा वाजता त्यांना आत नेलं, बाराच्या आत बाहेर आणलं. मुकिंदा परत गेला नाही. दवाखान्यासमोर गाडी उभी करून आत्याबाईंच्या पिशवीतली भाकरी त्यानं खाल्ली, आणि ॲपवर आलेली दोन भाडी नाकारली. संध्याकाळी पट्टी काढली, काळा चष्मा दिला. नर्सनं बोटं दाखवली. आत्याबाईंनी चष्म्याआडून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तीन. न् नखं वाढलीत, बाई, तुही."

चिखली, १४ आणि १५ नोव्हेंबर

शुक्रवारी मुकिंदाच पुन्हा तपासणीला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, उत्तम. त्यानंतर दिवसभर आत्याबाई वाचत होत्या. चौथी शिकलेल्या, आणि कितीतरी दिवसांत अक्षर बघितलं नव्हतं. मिठाची पिशवी, कॅलेंडर, औषधाचा खोका, भिंतीवरची तेलाची जाहिरात, सगळं मोठ्यानं, बोट ठेवून. डॉक्टरांनी डोळ्याला आराम सांगितला आहे म्हटलं तर दोन मिनिटं थांबायच्या, मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत माझं डोकं उठलं.

शनिवारी मला शेगावहून गाडी होती. सुरतेहून मुलगा यायचा होता, तो पहाटे येऊन झोपलाही होता. दुपारी दारात उभी राहून मी सवयीनं ॲप उघडलं. मुकिंदाचा नंबर आता माझ्याकडे होता, पण हाताला सवय ॲपचीच. आत्याबाई शेजारी उभ्या होत्या, काळा चष्मा लावून. फोनकडे वाकल्या. पडद्यावर वर मोठ्या अक्षरात जे असतं ते त्यांनी बोट न ठेवता, एका दमात वाचलं.

"कुठे जायचंय?"

मग त्यांना कळलं, आपण काय बोललो. निघालेल्या माणसाला, दारात, पुन्हा एकदा आपल्याच तोंडून. त्यांचा हात तोंडावर गेला. 

माझी गाडी सुटायला फार वेळ नव्हता. मी या गोष्टी मानत नाही, आजही नाही. पण मी चप्पल काढली. बॅग आत नेली. खाटेवर बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, पाणी द्या. साखरही द्या."

त्यांनी दिलं. मी सावकाश प्यायले, अख्खा तांब्या. माझ्या आयुष्यात मी गाडीच्या वेळेला इतकं सावकाश काही केलेलं नाही. बाहेर ॲपवरची गाडी आली, थांबली, रद्द होऊन गेली. मग मी मुकिंदाला फोन केला. नंबर त्याचा होता की नाही मला माहीत नाही. तो आला. दारात गाडी लावून माझ्याकडे बघितलं, आत्याबाईंकडे बघितलं आणि काही न विचारता बॅग उचलली.

"पोचली की फोन कर," आत्याबाई म्हणाल्या. "घरी गेल्यावर नको. पोचली की."

शेगावला धावतच फलाट गाठला. डब्याच्या दारापर्यंत मुकिंदानं बॅग आणली.

पुणे, १६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी गाडी पुण्याला थांबली. मी उतरले, बॅग फलाटावर ठेवली, मागून येणाऱ्यांचे धक्के खात तिथेच उभी राहिले आणि चिखलीला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"पोचले," मी म्हटलं.

  मग आत्याबाईंनी अगदी हळू, चाचपत विचारलं,

"कुठं?"

"पुण्यात," मी म्हटलं. "फलाटावर. बॅगेसकट."